मांसावरचा मार

कुझमानला रागवायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालंच तर तो मन लावून रागवायचा. रोडोपीच्या डोंगरात, गोर्नो ब्रेझे गावाच्या वरच्या अंगाला त्याचा मेंढवाडा होता. तिथेच तो जन्मला आणि तिथेच त्यानं बापाचा मार खाल्ला. बापाच्या हातात कायम गेगा असे, म्हणजे टोकाला आकडा असलेली मेंढपाळाची लांब काठी. चिवट लाकडाची, वाकेल पण मोडणार नाही अशी. बाप मारायचा आणि मारता मारता शिकवायचाही. "लेकरू असो की जनावर, मारायचं ते मांसावर. हाड मोडलं तर उद्या काम कोण करील, तुझी आई?" असलं शिक्षण कुणी विसरत नाही. कुझमान तर मुळीच विसरला नाही.

तरुणपणी तो जत्रेत अंगाला तेल लावून कुस्त्या खेळला, खांद्यावर बक्षिसाचा मेंढा घेऊन गावभर मिरवला. पुढे एका वनरक्षकानं त्याची कुत्री गोळी घालून मारली, तेव्हा त्यानं त्या वनरक्षकाचा जबडा असा फिरवला की बिचारा आजही सूपच पितो. न्यायाधीशानं कुझमानच्या पिकलेल्या मिशांकडे बघून शिक्षा स्थगित केली आणि बजावलं, "पुन्हा कुणावर हात उचलशील तर सरळ आत जाशील." कुझमान म्हणाला, "बरं." तो काही खोटं बोलला नाही. त्या वेळी खरंच त्याच्या मनात कुणाला मारायचं नव्हतं.

पण त्या खोऱ्यात कुझमानचं नाव होतं ते मारण्यासाठी नव्हे, मार काढण्यासाठी. कुणी कुणाला बेदम झोडपलं की लोक त्या अर्धमेल्याला घोंगडीत घालून वर आणत. कुझमान मेंढा कापायचा, कातडं सोलायचा आणि ते गरम, ओलं कातडं आतल्या बाजूनं मीठ आणि लाल तिखट चोळून उघड्या अंगाभोवती गुंडाळायचा. वर दाभणानं शिवून टाकायचा. मग मध घालून उकळलेली राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, पाजायची, पेल्यावर पेला. पाण्याचा थेंब द्यायचा नाही, कारण पाणी दिलं तर मार आत मुरतो म्हणतात. घामावाटे बाहेर निघायला हवा. कातड्याची ऊब गेली की टाके तोडायचे. आतून माणूस निघायचा तो भाजल्या मिरचीसारखा लालभडक, शिव्या देत, पण आपल्या पायांवर.

याला एक रिवाज जोडलेला होता. ज्यानं मारलं, मेंढा त्यानंच द्यायचा. तोही म्हाताराकोतारा नाही, कळपातला चांगला. मेंढा कापला, माणूस कातड्यातून बाहेर आला, की भांडण मिटलं. त्यानंतर कुणीही विचारलं, पोलिसानं विचारलं, पाद्र्यानं विचारलं, तरी उत्तर एकच, "पडला होता." झाकली मूठ सव्वा लाखाची. गोर्नो ब्रेझेत माणसं फार पडतात, असं खालच्या शहरातले लोक हसून म्हणत. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

कुझमानची बायको लवकर गेली. मागे एकुलती मुलगी राहिली, दाफिना. तिच्यावर त्यानं आयुष्यात एकदाही हात उचलला नाही, आणि याचा त्याला इतका अभिमान होता की दारू चढली की तो पदक मिळाल्यासारखा तेच सांगत बसे. दाफिनानं लग्न केलं ते लाकडाच्या गिरणीतल्या रुस्कोशी. रुस्को दिसायला देखणा, नाचायला पुढे, बोलायला गोड. दार लावल्यावर कसा, ते दाफिनालाच माहीत.

सप्टेंबरातल्या एका पहाटे ती वर वाड्यात आली. कुझमान धारा काढत होता. तिचा डावा हात प्लॅस्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता आणि ओठ सुजून टम्म झाला होता.

"काय झालं गं?"

"पडले, बाबा. परवा. खाली इस्पितळात जाऊन प्लॅस्टर घालून आले."

"कुठून पडलीस?"

"जिन्यावरून."

कुझमान उठला. त्यानं तिच्या गळ्यावरचा रुमाल हलकेच बाजूला केला. खाली बोटांचे निळे ठसे होते, पाचही.

"तुमच्या जिन्याला बोटं आहेत वाटतं," तो म्हणाला.

दाफिनानं रुमाल पुन्हा नीट केला. कुझमाननं दुधाची बादली उचलून बाजूला ठेवली, सांडू नये म्हणून. मग त्यानं गेगा घेतला आणि तो उतार उतरू लागला. "बाबा, नको! बाबा, तुम्हाला आत टाकतील!" ती मागून ओरडत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अशा वेळी त्याला ऐकू येत नसे.

गिरणी नुकती सुरू होत होती. रुस्को ओंडक्यावर बसून पाव आणि चीज खात होता. सासऱ्याला बघून तो हसला.

"या, सासरेबुवा! एवढ्या सकाळी? लेक आलेली दिसते रडत. घासभर खा, मग बोलू."

पहिला फटका घास धरलेल्या हाताच्या दंडावर बसला. पुढचे मांड्यांवर. रुस्को ओंडक्यावरून खाली आला, उठू बघत होता, तेव्हा कुझमाननं गेग्याच्या आकड्यानं त्याचा पाय मेंढीचा धरतात तसा धरून ओढला आणि त्याला पालथा पाडला. मग पाठ, कुल्ले, पोटऱ्या, पुन्हा मांड्या. कुझमान ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. शेत कुळवावं तसा तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा आणि परत यायचा. रुस्को आधी शिव्या देत होता, मग देवाला हाका मारत होता, मग आईला. लाकडाच्या भुशात त्याचं तोंड खुपसलं होतं आणि भुसा ओला झाला होता. कुझमानला आयुष्यात इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. हे मी त्याच्या वतीनं लपवणार नाही, कारण त्यानं स्वतःही ते कधी लपवलं नाही.

गिरणीचा जुना मुकादम मिंचो आणि आणखी दोघे धावले, तेव्हा कुठे गेगा थांबला.

"मेला असता रे तो!" मिंचो धापा टाकत म्हणाला.

"मरावा म्हणूनच मारत होतो."

"ते तू देवाला सांग. आता मेंढा काढ. तुझा, कुझमान. घंटेवाला."

घंटेवाला म्हणजे कळपाच्या पुढे चालणारा, कुझमाननं हातानं वाढवलेला. रुस्कोसाठी घंटेवाला! कुझमान दात खाऊन मिंचोकडे बघत राहिला. पण रिवाज तो रिवाज, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांकडून तो त्यानंच वसूल केला होता. घोंगडीत घातलेला रुस्को वर वाड्यात आला. कुझमाननं मेंढ्याच्या मानेवरची घंटा सोडली, त्याला गुडघ्याखाली दाबला आणि सुरी फिरवली. रक्त बाहीपर्यंत आलं. मेंढा पाय झाडायचा थांबायच्या आत त्यानं कातडं सोलण्यासाठी आत मूठ घालायला सुरुवात केली होती. मग ज्या हातांनी झोडपलं, त्याच हातांनी त्यानं जावयाच्या उघड्या अंगावर मीठ-तिखट चोळलं. रुस्को किंचाळला. कुझमाननं आणखी थोडं चोळलं आणि कातडं गुंडाळून शिवून टाकलं.

"पाणी..." कातड्यातून रुस्को म्हणाला.

"राकिया पी. पाणी तुला मानवणार नाही."

"म्हाताऱ्या, बाहेर आलो की तुझी..."

"आधी बाहेर तर ये."

दाफिना एका हातानं राकिया गरम करत होती आणि पेले पुढे करत होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती आणि बापाकडेही नाही.

दुपार कलल्यावर कुझमाननं टाके तोडले. रुस्को लालभडक निघाला, वळ कुठले आणि तिखटाची लाली कुठली ते कळू नये असा. भिंत धरून तो उभा राहिला, चार पावलं चालला आणि अंगणात थुंकला. मिंचोनं टाळी वाजवली. "बघा! कुझमानच्या हातून आजवर कुणी गेलेला नाही!" कुझमानलाही, राग असूनसुद्धा, छाती फुगल्यासारखं वाटलं.

मग रुस्को कुंपणाशी लघवीला गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. आले ते चार थेंब, काळ्या चहासारखे. तो ओकला, त्याचे गुडघे वाकले आणि तो कुंपणावर आडवा झाला.

"दारू बाधली," मिंचो म्हणाला.

दाफिना तेवढी म्हणाली, "इस्पितळात न्या."

गिरणीच्या जीपमध्ये घालण्याआधी त्याला व्हिनेगरनं पुसून काढलं, कपडे घातले, आणि वाटेत कुणी न बोलताच ठरलं की काय सांगायचं. गवताच्या माळ्यावरून पडला. रुस्कोनंच इस्पितळाच्या दारात पहिल्यांदा ते सांगितलं. म्हाताऱ्यानं मारलं हे सांगून गावात तोंड दाखवायला त्याला जागा उरली नसती.

डॉक्टर यांकुलोवा समुद्रकाठची, वार्नाकडची होती. या डोंगरात आल्याला तिला फार दिवस झाले नव्हते आणि इथला कातड्याचा उपाय तिला ठाऊक नव्हता. तिनं रुस्कोला तपासलं, पोटाचं चित्र काढलं, रक्त घेतलं, नळी घालून हाती लागली तेवढी लघवी काढली. मग ती बाहेर बाकापाशी आली. तिथे कुझमान आणि दाफिना बसली होती. दाराशी हवालदार बोरील सूर्यफुलाच्या बिया फोडत उभा होता.

"हाड मोडलेलं नाही," ती म्हणाली. "पोटात रक्तस्राव दिसत नाही. मूत्रपिंडासाठी रक्ताची जी तपासणी करतात तीही ठीक आली आहे. माझ्या जागी दुसरा असता तर म्हणाला असता, झोपवा, सकाळी बघू."

"मग झोपवा की," कुझमान म्हणाला.

"थांबा, काका. रक्ताची ही तपासणी म्हणजे वरातीमागून घोडं. मूत्रपिंडं बंद पडली की मग एक-दोन दिवसांनी ती सांगते की बंद पडली. आमच्याकडे आता लघवीची नवी तपासणी आली आहे. मूत्रपिंडाला इजा झाली की त्यातल्या पेशी काही तासांतच एक प्रथिन लघवीत सोडायला लागतात. आग लागल्यावर आधी धूर दिसतो ना, तसं. याच्या लघवीत ते भरमसाट आहे. म्हणजे याची मूत्रपिंडं आत्ता, आपण इथे बोलतोय तेव्हा, मार खातायत. कशाचा, ते मला कळत नाही."

मार हा शब्द ऐकून कुझमाननं मान वर केली.

"माळ्यावरून पडलेला माणूस असा होत नाही," डॉक्टर बोलत राहिली. "पडला तर एक जागा सुजेल, एक हाड मोडेल. याचं अंग सगळीकडे सारखं लाल आहे. रानातली अळंबी खाल्ली का यानं? कुठलं औषध प्यायला? विष?"

"गवत टोचलं असेल," कुझमान म्हणाला.

"बाई, तुम्ही सांगा. तुमचा हात परवा मीच बांधला. तुम्हीही पडला होतात. तुमच्या घरात जमीन फार निसरडी आहे का?"

दाफिना आपल्या प्लॅस्टरकडे बघत राहिली.

यांकुलोवाचा आवाज चढला. "ऐका! स्नायूंच्या तपासणीचं रक्त मला जिल्ह्याला पाठवावं लागतं, उत्तर उद्या येईल. उद्यापर्यंत हा असेलच असं नाही. मांस ठेचलं गेलं असेल तर त्यातला गाळ रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन बसतोय, आणि मला या घटकेला शिरेतून बादलीभर पाणी चढवलं पाहिजे. पण दुसरं काही असेल, तर लघवी बंद झालेल्या माणसात तेच पाणी फुप्फुसात भरेल आणि हा पलंगावर बुडून मरेल. मला एकच सांगा. याला काय झालं?"

हवालदाराच्या दाताखाली बी फुटल्याचा आवाज आला.

कुझमानला सगळं लख्ख कळलं. तो काही बुद्दू नव्हता. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं. बोट उचलायला नको, सुरी नको, गेगा नको. सकाळी गिरणीत जे राहून गेलं होतं, ते आता आपोआप पुरं होणार होतं, आणि सगळं गाव शपथेवर सांगणार होतं की रुस्को पडला. बोलला, तर म्हातारपणी आत. कळप कसायाकडे. आणि ज्याच्यासाठी जायचं तो कोण, तर दाफिनाचा गळा आवळणारा! मरू दे, त्याच्या मनात आलं. मरू दे कुत्र्याला. त्याच्या पोटात सकाळचीच ती गोडी पुन्हा पसरली.

त्यानं मुलीकडे बघितलं. तिला ते पटलंय का, एवढंच बघायचं होतं.

दाफिना सरळ बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भिंतीवर, चेहरा दगडासारखा. आतल्या खोलीत नवरा विव्हळत होता आणि तिची पापणी हलत नव्हती. तो चेहरा कुझमाननं पुष्कळदा बघितला होता, पाण्याच्या हौदात वाकल्यावर. जनावर पडेपर्यंत थांबणाऱ्याचा चेहरा. ही माझ्यावर गेली, त्याला वाटलं, एकदाही हात न लावता मी हिला माझ्यासारखी केली. आणि तो भ्याला. वनरक्षकाच्या बंदुकीपुढे न भ्यालेला माणूस बाकावर बसल्या जागी घामानं भिजला.

"मी मारलं," तो म्हणाला.

हवालदार बोरीलनं बिया खिशात टाकल्या.

"बाबा!" दाफिना म्हणाली.

"गप. डॉक्टरीणबाई, गेग्यानं मारलं. पहाटे. मांड्यांवर, कुल्ल्यांवर, पोटऱ्यांवर, पाठीच्या वरच्या मांसावर. बरगडीवर नाही, गुडघ्यावर नाही, कुठल्याच हाडावर नाही. हाड मोडलं की माणूस बेशुद्ध पडतो, मग त्याला लागत नाही. याला लागावं म्हणून मी बघून बघून मारलं. बोटभर जागा सोडली नाही. मग कातड्यात शिवला, तिखट लावलं, ते लाल त्याचं आहे. दिवसभर राकिया पाजली. पाणी मागत होता. दिलं नाही."

यांकुलोवानं त्याच्याकडे एकदा बघितलं. तशा नजरेनं कुझमानकडे कुणी कधी बघितलं नव्हतं, वनरक्षकानंही नाही. मग ती वळून आत पळाली आणि पळता पळताच ओरडली, "दोन्ही हातांना सलाइन लावा! मोठ्या सुया आणा! हृदयाचं यंत्र जोडा!"

दार उघडंच राहिलं. कुझमान आणि दाफिना बघत राहिली. बाटलीमागून बाटली रिकामी होत होती. यंत्रावरची रेघ मध्येच वेडीवाकडी नाचली, डॉक्टरनं घाईनं एक औषध टोचलं, रेघ पुन्हा ठेक्यात चालू लागली. हवालदारानं कुझमानचे हात पुढे घेऊन बेडी घातली. कुझमाननं हात दिले, पण नजर त्या पलंगाखाली लोंबणाऱ्या लघवीच्या पिशवीवरून हलवली नाही. बराच वेळ पिशवीत काही नव्हतं. मग नळीत तपकिरी रेघ आली, थांबली, पुन्हा आली, आणि खिडकीतलं ऊन जाईपर्यंत पिशवीचा तळ झाकला गेला.

"आणखी येऊ दे," डॉक्टर दारात येऊन म्हणाली. "उद्या रक्ताची वाट बघत बसलो असतो तर उशीर झाला असता. आत्ता तरी हातात आहे." ती कुझमानशी बोलत नव्हती. त्याच्या डोक्यावरून बोलत होती.

"चला," बोरील म्हणाला.

कुझमान उठला. दाफिना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आता तिचा चेहरा दगडाचा नव्हता.

"कशाला बोललात?" ती म्हणाली. "कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"तू गप्प बसलीस ते मला बघवेना. तू त्याच्या मरणाची वाट बघत होतीस. माझ्यासारखी."

"त्याच्या मरणाची?" दाफिना त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, तो मरतो की जगतो याचा मी विचारसुद्धा केला नाही. दाराशी हवालदार उभा होता. मी तोंड उघडलं तर तुम्ही आत जाल, एवढंच डोक्यात होतं. तुमच्यासाठी गप्प बसले होते मी. मला दुसरं आहे कोण?"

कुझमानचे ओठ हलले आणि मिशा ओल्या झाल्या. मुलीच्या चेहऱ्यावर त्यानं आपलं मन वाचलं होतं, तिचं नव्हे. चूक त्याची, आणि त्या चुकीनं एक माणूस वाचला. यावर हसावं की रडावं हे त्याला कळेना, म्हणून तो रडला.

तेवढ्यात आतून हाक आली. आवाज खरखरीत होता, पण जोर होता त्यात.

"दाफिना! कुठे उलथलीस? इकडे ये!"

कुझमानच्या मुठी बेडीतच वळल्या. दाफिना दचकली, सवयीनं एक पाऊल दाराकडे गेली, आणि थांबली. मग ती हवालदाराकडे वळली. प्लॅस्टरचा हात तिनं झोळीतून बाहेर काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"हा त्यानं मोडला," ती म्हणाली. "परवा मी खोटं सांगितलं. गळा बघायचा असेल तर तोही बघा." आणि डॉक्टरकडे मान वळवून ती मोठ्यानं, आतल्या पलंगावर ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाई, त्याला बरा करा. अगदी ठणठणीत बरा करा. आणि मग तुरुंगात नेऊन बाबांच्या शेजारी बसवा."